फोन घरात सगळ्यांच्या हातात, पण मेसेज फक्त माझ्यासाठी: एकेका ॲपला कुलूप कसं लावता?

मोरपीस

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी माणसं अडचणीच्या वेळी मला मेसेज करतात, कधी अपरात्रीही. त्यात काय असतं ते इथे लिहिणार नाही, तुम्हाला अंदाज येईलच.

आता दुसरी बाजू. माझा फोन घरात फिरता असतो. मुलीला गाणी लावायची असतात, भाच्याला खेळ हवा असतो, सासूबाईंना व्हिडिओ कॉल माझ्याच फोनवरून करायला आवडतो. फोनला पिन आहे, पण तो सगळ्यांना पाठ आहे. गेल्या आठवड्यात मुलगी गाणं शोधत असताना वरून मेसेजची पट्टी आली आणि तिनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली. लहान आहे, नुकतीच भराभर वाचायला लागलीय, दिसेल ते वाचते. पण ते शब्द माझे नव्हते. माझ्यावर विश्वास ठेवून एका बाईंनी लिहिलेले होते.

फोन कुणालाच द्यायचा नाही हा उपाय मला नको आहे. एकेका ॲपला वेगळं कुलूप लावायचं तर तुम्ही काय वापरता? स्टोअरमध्ये 'ॲप लॉक' शोधलं की ढीगभर ॲप्स समोर येतात, त्यांच्यावर भरवसा ठेवावा का? आणि कुलूप दिसल्यावर घरच्यांना वाईट वाटलं का, हेही मोकळेपणानं सांगा.

खटपट्या

फोन कोणता? अँड्रॉइड की आयफोन? आवृत्तीही सांगा, म्हणजे नेमकं सांगता येईल.

मोरपीस

माझा अँड्रॉइड, १५ वर अपडेट झालेला. नवऱ्याचा आयफोन. त्याच्याही फोनमध्ये ऑफिसची मेल असते, त्यामुळे दोन्हींबद्दल सांगितलंत तर बरं होईल.

शून्यांश

आधी फोनमध्येच काय दिलंय ते बघा. बाहेरचं ॲप अगदी शेवटचा पर्याय.

शाओमी, वनप्लस, ओप्पो, व्हिवो, रियलमी यांच्या बहुतेक फोनमध्ये ॲप लॉक सेटिंगमध्येच असतं. प्रत्येकानं ते वेगळ्या कप्प्यात ठेवलंय, म्हणून सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीतच टाइप करा. सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर आहे. त्यात ॲपची वेगळी प्रत वेगळ्या खात्यानं चालते, फोटो आणि फाइल्स आत हलवता येतात आणि पिनही फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवता येतो. गूगलनं २०२४ साली अँड्रॉइड १५ सोबत प्रायव्हेट स्पेस आणली, तिची कल्पनाही साधारण हीच.

आयफोनमध्ये आयओएस १८ पासून (तेही २०२४ मधलंच) ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की फेस आयडी किंवा टच आयडी सक्तीचा करायचा पर्याय येतो. कुलूप लावलेल्या ॲपमधला मजकूर नोटिफिकेशनमध्ये दिसत नाही, फोनमधल्या शोधातही सापडत नाही. स्टोअरमधून घेतलेलं ॲप पूर्ण लपवताही येतं.

आता तुमच्या घरातली खरी अडचण. आयफोनला चेहरा ओळखता आला नाही की तो पासकोड मागतो, आणि तो पासकोड फोनचाच असतो. तो घरात सगळ्यांना माहीत असेल तर ॲपला लावलेलं कुलूप नावापुरतंच. अँड्रॉइडमध्येही ॲप लॉकसाठी फोनचाच पिन ठेवलात तर तेच होणार. म्हणून पहिलं काम पिन बदलण्याचं. मुलांचे बोटाचे ठसे फोनमध्ये नोंदवले असतील तर तेही काढा. फोनमध्ये नोंदवलेलं प्रत्येक बोट फोनच्या लेखी सारखंच असतं, आईचं कोणतं आणि मुलीचं कोणतं हे त्याला कळत नाही.

टिटवी

बाहेरच्या ॲपचा माझा अनुभव लिहिते. नाव लिहीत नाही.

टाकल्या टाकल्या त्यानं परवानग्यांची रांग लावली: इतर ॲप्सवर दिसण्याची, वापराची माहिती बघण्याची, ॲक्सेसिबिलिटीची, वर कॉन्टॅक्ट आणि लोकेशनचीही. पिन टाकायचा पडदा आला की त्याखाली जाहिरात. बँकेचं ॲप उघडताना मध्येच कर्जाची जाहिरात बघायची म्हणजे जिवावर यायचं. पुढे फोन बॅटरी वाचवण्याच्या मोडवर गेला की ते ॲप मागच्या मागे बंद पडायला लागलं आणि कुलूप लावलेली सगळी ॲप्स बिनदिक्कत उघडायला लागली. शेवटी मोठ्या मुलानं सेटिंगमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' दाबून दाखवलं: "आई, हे बघ, गेलं तुझं कुलूप." त्याच दिवशी काढून टाकलं.

कुतूहल

@टिटवी, कुलूप लावायला लोकेशन कशाला लागतं?

टिटवी

तेच तर! कुलपाला आपण कुठे आहोत याच्याशी काय देणंघेणं?

शून्यांश

@कुतूहल, लोकेशन आणि कॉन्टॅक्ट यांची कुलपाच्या कामाला गरज नाही. जाहिराती दाखवून पैसे मिळवणाऱ्या ॲपला मात्र ती माहिती उपयोगी पडते. बाकीच्या परवानग्या का लागतात ते सांगतो.

फोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत चालतं, एकाला दुसऱ्याच्या आत हात घालता येत नाही. त्यामुळे बाहेरचं ॲप तुमच्या मेसेजच्या ॲपला खरं कुलूप लावूच शकत नाही. ते नजर ठेवून बसतं. तुम्ही मेसेजचं ॲप उघडलंत हे कळलं की घाईघाईनं त्यावर आपला पडदा टाकतं आणि पिन मागतं. म्हणजे दाराला कुलूप नाही, दारासमोर एक माणूस उभा केलाय. त्याला झोप लागली किंवा कुणी बाजूला सारलं की दार उघडंच. अँड्रॉइड सेफ मोडमध्ये सुरू केला तर बाहेरून टाकलेली ॲप्स चालतच नाहीत, मग हा पहारेकरीही नसतो.

ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर फार जपून द्यावी. जिला दिसत नाही अशा व्यक्तीला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या साधनांसाठी ती आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं, आपल्या वतीनं बटणंही दाबू शकतं. गुपित जपायला आणलेल्या अनोळखी ॲपला सगळी गुपितं वाचायची मुभा द्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

दीपस्तंभ

आमच्या बाबांना मी ॲप लॉक शिकवलं. आता त्यांच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटरलाही कुलूप आहे. विचारलं तर म्हणाले, "हिशोब खासगीच असतो."

खटपट्या

@दीपस्तंभ :) बाबांचं तत्त्व बरोबर आहे. फक्त टॉर्चला लावू देऊ नका, अंधारात पिन शोधत बसतील.

गोगलगाय

मला हा सगळा प्रकारच खटकतो. मोरपीस यांचं काम वेगळं आहे, त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण सरसकट सगळे जण ॲपला कुलपं लावत सुटलेत त्याचं काय? आमच्या घरी कुणाचाही फोन कुणीही उचलतो. बायकोचे मेसेज आले तर मी वाचून सांगतो, माझे ती सांगते. यात आम्हाला कधी अडचण आली नाही. कुलूप लावलं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो, असं काय आहे त्यात? घरात एकदा तो विचार शिरला की बाहेर काढणं अवघड जातं.

काजळरेघ

@गोगलगाय, तुमच्या घरात गुपितं नसतील, आनंदच आहे. पण तुमच्या फोनमध्ये फक्त तुमचंच काही नसतं ना?

माझ्या मैत्रिणीनं मला तिच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होता. तिनं तो तिच्या आईलाही दाखवला नव्हता. तो फोटो माझ्या नवऱ्यानं बघावा असं तिला वाटत नव्हतं आणि तसं वाटण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. माझ्या नवऱ्यापासून मी काहीही लपवत नाही. पण मैत्रिणीचं जे आहे ते माझ्या हातात नुसतं ठेवायला दिलंय, वाटायला नाही. मोरपीस यांचा प्रश्न समुपदेशकापुरता नाही, तो प्रत्येकाचा आहे. शिक्षकाच्या फोनमध्ये मुलांच्या पालकांच्या अडचणी असतात, डॉक्टरच्या फोनमध्ये रुग्णांचे फोटो असतात, साध्या मित्राच्या फोनमध्ये मित्राचं रडणं असतं.

गोगलगाय

रिपोर्टचं उदाहरण पटलं. ते मी धरलं नव्हतं. पण नवरा-बायकोत एकमेकांपासून कुलूप नको, यावर मी ठाम आहे.

उंबरठा

@गोगलगाय, सगळ्या घरांत तुमच्यासारखी परिस्थिती नसते म्हणून लिहिते. मी अशा बायकांबरोबर काम करते ज्यांचा फोन रोज तपासला जातो. तिथे आयकॉनवर कुलूप दिसणं हेच भांडणाचं, कधी कधी माराचं कारण ठरतं. "उघडून दाखव" असं दटावलं की ती उघडते. तिथे ॲप लॉक उपयोगाचं नाही.

व्हॉट्सॲपनं मे २०२३ मध्ये एकेका चॅटला कुलूप लावायची सोय दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यासाठी गुप्त कोड आणला. तो कोड फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवता येतो. कुलूपबंद चॅटचा कप्पा यादीतून लपवता येतो, मग शोधपट्टीत कोड टाकला तरच तो वर येतो. हे थोडंफार कामाला येतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, आणि हे सगळ्यांसाठी सांगते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे आपण न जोडलेला एखादा संगणक किंवा ब्राउझर दिसला तर कुणीतरी दुसरीकडे बसून सगळं वाचतंय. फोनवर कितीही कुलपं लावली तरी तिकडचं वाचन थांबत नाही. तीच गोष्ट गूगल आणि ॲपलच्या खात्याची. खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर उघडं आहे त्याची यादी खात्याच्या सुरक्षेच्या पानावर असते. मात्र आपल्यावर पाळत ठेवणारी व्यक्ती हिंसक असेल तर ते उपकरण काढून टाकण्याआधी कुणाशी तरी बोला. काढल्याचं त्या बाजूला कळतं.

मोरपीस

@उंबरठा, शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझ्याकडे येणाऱ्यांनाही हे सांगेन.

कुतूहल

पिन बरा की पॅटर्न? मला पॅटर्न लक्षात राहतो, आकडे नाही.

खटपट्या

पिन. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता होतात, सहा आकडीच्या १० लाख. नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२ होतात. कागदावर पॅटर्न चार आकडी पिनपेक्षा मजबूत वाटतो, पण माणसं कोपऱ्यातून सुरू करून इंग्रजी एल नाहीतर झेड काढतात. शिवाय शेजारी बसलेल्याला बोटाची वळणं आकड्यांपेक्षा सहज टिपता येतात. आणि काचेवर तेलकट रेघ उमटते ती वेगळीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये त्या डागांवरून पॅटर्न ओळखता येतो हे दाखवलं होतं. फोन तिरका धरून उजेडात बघा, आत्ताही दिसेल.

कुतूहल

बघितला. अख्खा पॅटर्न दिसतोय. बदलते.

दीपस्तंभ

बोटाच्या ठशाबद्दल एक. आमचा चिरंजीव दुपारी मी झोपलो की माझं बोट अलगद फोनला टेकवून खेळ सुरू करायचा. हळुवारपणा वाखाणण्यासारखा होता. आता ॲपला फक्त पिन ठेवलाय.

शून्यांश

आयफोनच्या फेस आयडीत डोळे उघडे असून फोनकडे लक्ष असणं मुळातच लागतं, ते सेटिंग बंद करू नका. आणि बँकेची बरीच ॲप्स फोनमध्ये नवीन ठसा नोंदवला की जुना भरवसा सोडून पुन्हा पासवर्ड मागतात. ते त्रासदायक वाटलं तरी आपल्या भल्यासाठीच आहे.

संध्यारंग

मी सहसा नुसतं वाचते, आज लिहिते आहे. माझे यजमान अचानक गेले. फोनचा पिन मला माहीत होता, म्हणून फोन उघडला. पण ते टिपणं ज्या ॲपमध्ये लिहायचे त्याला वेगळं कुलूप होतं. कुणाचे पैसे द्यायचे, कुणाकडून यायचे, मुलीसाठी काही लिहून ठेवलंय असं ते म्हणाले होते, ते सगळं आत असावं. अजून उघडलेलं नाही. तुम्ही सगळे तरुण आहात, कुलपं जरूर लावा. पण एका माणसाला तरी कसं उघडायचं ते ठाऊक असू द्या.

काजळरेघ

काकू, काय बोलावं कळत नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

शून्यांश

काकू, ते ॲप कोणतं आणि टिपणं फोनमध्येच होती की एखाद्या खात्याला जोडलेली, हे मला निरोपातून कळवाल का? खात्याला जोडलेली असतील तर मृत्यूचा दाखला देऊन खात्यातल्या माहितीसाठी अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही, पण अर्ज करून बघू. मी मदत करतो. तोवर ते ॲप काढू नका आणि फोन रिसेटही करू नका.

इतरांसाठी: गूगल खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' २०१३ पासून आहे. खातं ३ ते १८ महिन्यांपैकी आपण ठरवू तितका काळ वापरलं गेलं नाही, तर आपण निवडलेल्या माणसांना निवडलेली माहिती मिळते. ॲपलमध्ये आयओएस १५.२ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. साठवलेले पासवर्ड मात्र त्यातून मिळत नाहीत. त्यामुळे महत्त्वाचे पिन कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवावेत.

गोगलगाय

काकूंचा प्रतिसाद वाचून बायकोला हाक मारली. दोघांनी बसून दोन पाकिटं तयार केली. तिच्या फोनमधल्या एका ॲपला कुलूप आहे हे मला आज कळलं. तिच्या बहिणीच्या गोष्टी आहेत म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

काजळरेघ

@गोगलगाय, ❤

टिटवी

मूळ प्रश्नाकडे वळूया. मोरपीस, तुम्ही ॲप्सना कुलपं लावायचा विचार करताय, मी उलटं सुचवते. फोन मुलांच्या हातात देतानाच एका ॲपपुरता द्या. अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' असतं, २०१४ च्या ५.० पासून. गाण्याचं ॲप पिन करून दिलं की बाहेर पडायला फोनचा पिन लागतो. त्याचं सेटिंग मात्र आधी चालू करून ठेवावं लागतं, आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही. आयफोनमध्ये हेच काम 'गाइडेड ॲक्सेस' करतो. सासूबाईंच्या व्हिडिओ कॉललाही चालेल.

काही अँड्रॉइड फोनमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं प्रोफाइल असतं. त्यात तुमची ॲप्स, मेसेज, फोटो काहीच दिसत नाही. भाचा बराच वेळ खेळणार असेल तर ते उत्तम. सगळ्या कंपन्या ते देत नाहीत, तुमच्या फोनमध्ये आहे का बघा.

कुतूहल

पण प्रायव्हेट स्पेस का वापरू नये? मोरपीस यांचा फोन १५ वर आहे ना?

शून्यांश

त्यांच्या कामासाठी मला ती योग्य वाटत नाही. ती जागा बंद असताना आतली ॲप्स थांबलेली असतात, मेसेज आल्याचं कळतच नाही. अपरात्री कुणी मदत मागितली तर सकाळी जागा उघडेपर्यंत पत्ता नाही. खेळ, खरेदी किंवा बँकेच्या ॲपला ती चांगली आहे. आणखी एक: नवीन फोन घेतला की ती जागा आपोआप तिकडे जात नाही, आणि ती काढून टाकली की आतलं सगळं जातं. एकच प्रत असलेलं काहीही तिथे ठेवू नये.

मोरपीस यांना मेसेज आला हे कळायला हवं, काय आला ते पट्टीत दिसायला नको. त्यासाठी व्हॉट्सॲपचंच स्वतःचं कुलूप चांगलं. प्रायव्हसीमध्ये ॲप लॉक चालू केलं की त्याच पानावर नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवायचा की नाही ते विचारलेलं असतं. तो बंद करा. 'लगेच कुलूप' निवडा, नाहीतर एक मिनिट किंवा अर्धा तास ते उघडंच राहतं. या कुलपातही आलेला कॉल घेता येतो. फक्त लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवून तुमचं काम होणार नाही, कारण मुलीच्या हातात फोन असतो तेव्हा तो उघडलेला असतो आणि पट्टी वरून येतेच.

मोरपीस

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

फोनचा पिन बदलला, सहा आकडी केला, मुलीचा ठसा काढला. व्हॉट्सॲपला त्याचं कुलूप आणि पट्टीतला मजकूर बंद. आता वर फक्त मेसेज आल्याचं दिसतं, कुणाचा आणि काय ते नाही. मेल आणि टिपणांच्या ॲपला फोनमधलंच ॲप लॉक, वेगळ्या पिननं. दोन्ही पिन पाकिटात घालून नवऱ्याकडे दिलेत. त्यानं पाकीट माझ्यासमोर चिकटवून वर सही केली. त्याच्या आयफोनचा पासकोड बदललाय आणि मुलीला गाइडेड ॲक्सेस लावून देतो.

घरच्यांना वाईट वाटलं का, तर मुलीला सुरुवातीला वाटलं. "माझं बोट का चालत नाही?" म्हणून फुरंगटून बसली. मी तिला सांगितलं की काही माणसं मला त्यांच्या गोष्टी सांगतात आणि त्या मी कुणालाच सांगायच्या नसतात, बाबालाही नाही. त्यावर तिनं थोडा विचार करून विचारलं, "मी तुला सांगितलेल्या पण?" त्याही, म्हटलं. मग तिनं एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहिणार नाही. सासूबाईंनी तर सगळं ऐकून स्वतःचा फोन पुढे केला: "माझ्या फोटोंनाही लावून दे."

दीपस्तंभ

सासूबाईंना आमच्या बाबांशी बोलायला सांगा. :)

कुतूहल

एक शंका. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो गॅलरीतही दिसतात ना? मग कुलपाचा काय उपयोग?

मोरपीस

अरे हो! एका बाईंनी पाठवलेले फोटो गॅलरीत दिसताहेत. आता काय करू?

शून्यांश

चांगली शंका. ॲपला कुलूप लावल्यानं त्यानं बाहेर ठेवलेल्या फाइल्सना काहीच होत नाही. चॅट्सच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे यापुढे येणारे फोटो गॅलरीत येणार नाहीत. जुने मात्र तिथेच राहतील, ते हातानं काढावे लागतील. हवे असतील तर आधी सिक्युअर फोल्डरसारख्या जागेत हलवा. काढून झाल्यावर कचरापेटीही रिकामी करा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस पडून राहतात, न झालेले ३० दिवस. बॅकअपच्या यादीत व्हॉट्सॲपचं फोल्डर चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर ते फोटो वेबवरच्या तुमच्या खात्यातही असतील, आणि ते खातं घरातल्या टॅबवर उघडं असेल तर तिथेही दिसतील.

मोरपीस

टॅबवर खातं उघडं आहे. तो मुलीकडेच असतो. आत्ता बसून काढते, झालं की कळवते.